आदिवासी आरोग्याचा प्रकल्प हाती आलाय? आधी आपली पर्चीची खिडकी बघा

पहाटे पाचला मध्य प्रदेशातल्या अलीराजपूरहून सुटलेली बस इंदूरच्या गंगवाल बसस्टँडवर साडेदहा-अकराला लागते. तिथून रिक्षा करून, पत्ता विचारत विचारत माणूस आमच्या रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंत साडेअकरा. पर्चीची, म्हणजे बाह्यरुग्णांच्या नोंदणीची, खिडकी बंद व्हायची अकराला. म्हणजे दोनशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाला त्या दिवशी डॉक्टर दिसायचाच नाही. रात्र पोर्चमध्ये काढायची आणि दुसऱ्या दिवशी रांगेत उभं राहायचं. आमच्यातले बरेच जण, मीही त्यात आले, म्हणायचे, "ही माणसं पोर्चमध्येच झोपतात, त्यांना सवय असते."

ती खिडकी दुपारी दोनपर्यंत उघडी ठेवायला मला पाच महिने लागले. खर्च काही नव्हता. एका क्लार्कची जेवायची वेळ बदलणार होती, एवढीच अडचण. त्यासाठी सहा बैठका झाल्या आणि दोन वेळा फाइल हरवली.

मी इंदूरच्या रामबागेत वाढले. इंदूरच्या एका धर्मादाय रुग्णालयात 26 वर्षं समाजसेवा विभागात काढली, त्यातली शेवटची नऊ आदिवासी आरोग्याच्या प्रकल्पावर. आता निवृत्त आहे, वेळ आहे, आणि माझ्या जागी आलेल्या मुलीचा दर आठवड्याला फोन येतो. तिला जे तुकड्यातुकड्यानं सांगते ते एकदा सलग लिहून टाकावं म्हटलं. मराठीत अशासाठी की इथल्या रुग्णालयांच्या कचेऱ्यांत आणि नर्सिंगमध्ये आपली माणसं बरीच आहेत. शिवाय सातपुड्याच्या पलीकडे, धुळे-नंदुरबारला, हेच प्रश्न आहेत. आमच्याकडचे बारेला आदिवासी आणि तिकडचे पावरा ही एकाच घरातली माणसं, मध्ये राज्याची सीमा आली इतकंच.

पहिला महिना गावात जाऊ नका

प्रकल्पाचं पत्र हातात पडलं की नव्या माणसाला जीप, बॅनर आणि शिबिर सुचतं. मलाही सुचलं होतं. तो मोह आवरा. अलीराजपूर जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सुमारे 89 टक्के आदिवासी होते, झाबुआत 87 टक्के. ती माणसं तिथे आहेत आणि राहणार आहेत. महिनाभर उशीर झाला तर बिघडत नाही. विषमता मात्र आपल्या इमारतीत तळमजल्यावर बसलेली असते आणि ती कुणी मोजत नाही.

एक वही घ्या. फाटकाजवळ, पर्चीच्या खिडकीशी, रक्तपेढीसमोर, औषधाच्या खिडकीशी आणि छुट्टीचा, म्हणजे डिस्चार्जचा, कागद मिळतो त्या टेबलापाशी, असं एकेक सकाळ बसा. मग परवानगी घेऊन एका कुटुंबाबरोबर पूर्ण दिवस फिरा. कुठे किती वाजता पोचलो, कोण काय बोललं, कोणत्या शब्दांत बोललं, एवढंच लिहायचं. मत लिहायचं नाही. माझ्या पहिल्या वहीत भिलाला जमातीच्या एका म्हाताऱ्या आजोबांना दिवसभरात आठ ठिकाणी "ऐ, उधर बैठ" ऐकावं लागल्याची नोंद आहे. त्याच दिवशी त्यांनी आमच्या सर्जनना "तू कधी येणार?" असं विचारलं आणि साहेबांचा चेहरा पडला. आजोबांच्या तोंडातला 'तू' घरच्या माणसाला म्हणतात तसा होता, गार्डच्या तोंडातला 'तू' गुराला म्हणतात तसा. हा फरक मी नंतर प्रत्येक नव्या डॉक्टरांच्या पहिल्या दिवशी सांगत आले. 'संवेदनशीलता प्रशिक्षण' नावाच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेपेक्षा त्या एका गोष्टीचा उपयोग जास्त झाला.

दुसरी गोष्ट फरशीवरचे पट्टे. सगळ्या पाट्या हिंदी-इंग्रजीत होत्या आणि वाचता न येणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. आम्ही रंगीत पट्टे ओढले: लाल पट्टा रक्ततपासणीकडे, पिवळा एक्सरेकडे, हिरवा औषधाकडे. झकास चाललं. पण फरशी घासायच्या मशीननं वर्षभरात पट्टे गेले, आणि पुन्हा रंगवायचे पैसे कुठल्या खात्यातून, यावर तीन महिने अडलं. म्हणून सांगते, असं काही केलंत तर ते पहिल्या दिवसापासून इमारतीच्या देखभालीत घाला, प्रकल्पाच्या खर्चात नको. प्रकल्पाचा पैसा संपतो, घासायचं मशीन संपत नाही.

रजिस्टरचा रकाना

आदिवासी रुग्ण किती येतात, असं ट्रस्टींनी विचारलं तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं. पर्ची बनवणारा मुलगा कपडे आणि आडनाव बघून अंदाज करायचा. भूरिया, डामोर, मुनिया असलं तर खूण. पण भिलालांमध्ये चौहान असतात, सोलंकी असतात. ते सगळे सुटायचे. आणि जीन्स घातलेला पोरगा तर हमखास सुटायचा.

आम्ही दोन रकाने वाढवले: 'तहसील' आणि 'घरात कोणती बोली बोलता'. भिली, भिलाली, बारेली, निमाडी, माळवी, हिंदी. जात विचारल्यावर माणूस सावध होतो, बोली विचारल्यावर बोलू लागतो. आणि ती विचारायला कारणही असतं, कारण त्या बोलीत समजावणारी व्यक्ती आपल्याला पाठवायची असते. जमातीचा प्रश्न त्यानंतर, त्यांनीच सांगायचा; नाही सांगितला तर रकाना रिकामा. 'आदिवासी' म्हणायचं की 'जनजाती', यावर आमच्या भागात पक्षापक्षांत भांडणं आहेत. त्यात पडू नका. समोरचा स्वतःला जे म्हणवतो ते लिहा.

हे रकाने का लागतात ते देशाच्या आकड्यांवरून कळेल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या बालमृत्यूचा दर हजारी 42 होता, अनुसूचित जमातींमध्ये तो 50. सगळ्यांचं एकत्र काढलं की ते आठ दिसेनासे होतात. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनं 2018 मध्ये आदिवासी आरोग्यावरचा अहवाल दिला, त्यातही वेगळी माहितीच ठेवली जात नाही हे दुखणं आहे. सरकारचं सोडा, आपलं रजिस्टर तर आपल्या हातात आहे.

रकाने भरू लागल्यावर पहिल्यांदा काय दिसलं, तर 'लामा'. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी गेलेल्या रुग्णाला आमच्याकडे लामा म्हणतात, आणि वॉर्डच्या वहीत त्याच्यापुढे बहुतेक वेळा 'भाग गया' लिहिलेलं. झाबुआ-अलीराजपूरच्या रुग्णांत हे प्रमाण डोळ्यात भरेल इतकं जास्त होतं. मी सिस्टरना विनंती केली की पळाला लिहू नका, कारण लिहा. माहीत नसेल तर त्यांच्या गावच्या आशा कार्यकर्तीला फोन करून विचारा. कारणं आली ती अशी: घरी बैल एकटे, सोबत आलेल्याचे जेवणाचे पैसे संपले, शेजारच्या खाटेवर मृत्यू झाला आणि आत्मा तिथेच आहे असं वाटलं, पेरणीचा पाऊस आला. यातलं एकही कारण अडाणीपणाचं नाही. सोबतच्याचं जेवण आणि खाट बदलून देणं, या दोन गोष्टी आपल्याला करता येतात. बैलांचं काही करता येत नाही, पण बैल आहेत हे माहीत असलं तर ऑपरेशनची तारीख ठरवताना विचारता येतं.

समितीत कोण, आणि 'नाही' म्हणायचा हक्क कोणाला

आमची पहिली सल्लागार समिती शोभेची होती. दोन डॉक्टर, एक ट्रस्टी, एक निवृत्त अधिकारी आणि झाबुआकडचे एक सरपंच. सरपंच दोनदा आले, चहा घेतला, गेले. वर्षभरात ते एक वाक्य बोलल्याचं इतिवृत्तात नाही.

दुसऱ्यांदा शहाणपण आलं. सात जणांपैकी पाच गावातले: एक आशा, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलाची आई, गुजरातला मजुरी केलेला एक जण, एका फळ्याचा (वस्तीचा) तडवी, म्हणजे मुखिया, आणि एक बडवा, म्हणजे देवाचं आणि दोरे-उपचारांचं बघणारा. बैठक इंदूरला नाही, त्यांच्या सोयीच्या गावी. आणि हाटवारी, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी, अजिबात नाही, कारण हाट सोडून कोणी येत नाही आणि येऊही नये. दिवसाची मजुरी, बसभाडं, जेवण रोख, त्याच दिवशी. लेखा विभागानं बसच्या तिकिटाला पक्कं बिल मागितलं होतं. अंगठ्याच्या व्हाउचरवर तोडगा निघाला, पण त्यासाठी मला लेखापालांच्या टेबलापाशी दोन दुपारी बसावं लागलं आणि सोबत सराफ्यातली खोपरापॅटिस न्यावी लागली.

पण समितीची खरी परीक्षा असते ती हीच, की तिच्या 'नाही'नं काम थांबतं का. शिबिर, फोटो, पोस्टर आणि संशोधनासाठी रक्ताचे नमुने या चार बाबींत त्यांना नकाराधिकार द्या, आणि तो लेखी द्या. पहिला नकार आमच्या देखण्या पोस्टरला मिळाला. हात धुण्याचा संदेश होता आणि भोवती पिथोराचे घोडे. बडवा बाबांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "पिथोरा आमचा देव आहे. नवस बोलून घराच्या भिंतीवर लिहितात. तुम्ही त्याला संडासाच्या दारावर लावणार?" छापून आलेली पाचशे पोस्टरं गठ्ठ्यानं पडून राहिली. कलाकारानं आणि मी, दोघांनी मनापासून केलं होतं ते काम; राग आला होता, खोटं कशाला सांगू.

बडव्याबद्दल एक. त्याच्या दोऱ्याला वॉर्डात कात्री लावायची नाही. सलाईन लावायला किंवा ऑपरेशनला अडचण होत असेल तर विचारून दुसऱ्या हाताला बांधायचा. एवढं पाळलं तर तोच बडवा साप चावलेला माणूस तुमच्याकडे लवकर पाठवतो.

संशोधनाचा वेगळा मुद्दा: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे समाजाची किंवा मुखियाची परवानगी लागते तिथेही ती व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. तडवीनं हो म्हटलं म्हणून शंभर जणांचं रक्त काढता येत नाही.

आमची चूक

सिकलसेलवर सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडचे बहुतेक प्रकल्प तिथूनच सुरू होतात. 1 जुलै 2023 ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं; आदिवासी भागातल्या 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे उद्दिष्ट. तपासणीचे आकडे झटपट वाढतात, त्यामुळे व्यवस्थापनाला तपासणी आवडते. पुढचं आवडत नाही.

मिशनच्या बऱ्याच आधीची गोष्ट. आमचं शिबिर एका शाळेत होतं. रक्त आधीच्या खेपेला घेतलं होतं, त्या दिवशी अहवाल वाटायचे होते. गर्दी झाली. आमच्या तंत्रज्ञानं वेळ वाचवायला नावं पुकारून निकालही मोठ्यानं वाचले. मी शेजारीच उभी होते, यादीवर खुणा करत. एकोणीस-वीस वर्षांच्या एका मुलीच्या नावापुढे 'एएस' होतं, म्हणजे ती फक्त वाहक. तिला आजार नव्हता, होणारही नव्हता. पण मैदानावर पोचला तो शब्द 'सिकलवाली'. होळीनंतर कळलं की तिचं ठरलेलं लग्न मोडलं. तिची आई आमच्या समितीत यायला तयार झाली ती तीन वर्षांनी, आणि पहिल्या बैठकीत तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतरचे आमचे नियम तसेच्या तसे देते. निकाल एकेकट्याला, बंद खोलीत, त्यांच्या बोलीत. अल्पवयीन असेल तर पालकांसमोर. वाहक आणि आजारी यांच्यातला फरक आधी पूर्ण गावाला समजवायचा, मग सुई. दोन वाहकांनी लग्न केलं तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मुलाला आजार होण्याची, हे आम्ही मक्याच्या लाल-पांढऱ्या दाण्यांनी दाखवतो. आकडेमोडीपेक्षा ते पटकन कळतं. समुपदेशक बाई असेल त्या दिवशीच शिबिर, नाहीतर रद्द. आणि आजार निघालेल्यांच्या औषधाची सोय झाल्याशिवाय नव्या गावात तपासणी नाही. या शेवटच्या नियमानं आमचे आकडे निम्म्यावर आले आणि देणगीदाराचं नाराजीचं पत्र आलं. पत्र फाइलला लावलं.

रुग्णालयाच्या आतही सिकलसेलचं एक काम असतं. वेदनेचा झटका आलेला मुलगा रात्री आपत्कालीन विभागात येतो, अंगावर जखम नाही, ताप नाही, आणि तो ओरडत असतो. नव्या डॉक्टरला वाटतं नाटक आहे, किंवा सुईची चटक लागली आहे. वरिष्ठ डॉक्टरांकडून एक पानी सूचना लिहून घ्या: वेदनाशमन लगेच, पाणी, ऊब, संसर्ग शोधणं. ती भिंतीवर लावा. मग महिन्याला एकदा बघा की दारात आल्यापासून वेदनेचं पहिलं औषध मिळेपर्यंत किती मिनिटं गेली. माझ्या मते अख्ख्या प्रकल्पाचा सगळ्यात प्रामाणिक आकडा हा आहे.

केसपेपरवर एक ओळ

'आधी कुठे आणि कोणत्या कामाला होतात?' ही ओळ आमच्या छातीविकार विभागाच्या केसपेपरवर नव्हती. झाबुआ, अलीराजपूर, धारमधून शेकडो जण गोधरा-बालासिनोरच्या गारगोटी दळायच्या कारखान्यांत गेले आणि पांढरी धूळ छातीत घेऊन परतले. सिलिकोसिस. 2010 मध्ये मानवाधिकार आयोगानं 238 मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्यायला सांगितलं. ते गुजरात सरकारनं द्यावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला 2016 उजाडलं. यातली कित्येक माणसं आधी टीबीच्या औषधांवर ठेवली गेली होती. टीबीचा संशय चुकीचा नव्हे, सिलिकोसिसमध्ये टीबीचा धोका वाढतोच. पण कामाचा प्रश्नच विचारला नाही तर निदानाच्या कागदावर तो शब्द येत नाही, आणि तो शब्द कागदावर नसेल तर भरपाईचा दावाच उभा राहत नाही. एक ओळ छापायची आहे. छापून घ्या.

वर्ष एप्रिलला सुरू होत नाही

तिमाही अहवाल आपले एप्रिल-जूनचे. त्यांचं वर्ष वेगळं: जूनमध्ये पेरणी, दिवाळीनंतर सुरत, मोरबी, राजकोटकडे मजुरीसाठी पलायन, भगोरियाला, म्हणजे होळीआधीच्या हाटांच्या जत्रेला, परत, होळी झाली की पुष्कळ जण पुन्हा गाडीत. जानेवारीत पाठपुराव्याला कोणी येत नाही म्हणून आम्ही दोन वर्षं 'उदासीनता' असा शेरा मारला होता. आता भगोरियाच्या आठवड्यात कुणाला रजा नाही, सगळी टीम हाटांत. सिकलसेलचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असलेल्या रुग्णांची रक्ततपासणी आणि पुढच्या मुक्कामाचं औषध दिवाळीआधी, डॉक्टरांनी आखून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे. सोबत हिंदी आणि गुजरातीत लिहिलेला एक कागद, तिकडच्या डॉक्टरला दाखवायला.

पैशांचं थोडक्यात. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात, पण कार्डावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग जुळत नाही, आणि ते जुळवायला माणूस लागतो. त्याचा पगार धरा. सोबतच्याचं जेवण, परतीचं भाडं आणि शववाहिनी यांना स्वतंत्र खाती द्या. 'इतर'मध्ये टाकलंत की कपातीत आधी तेच जातं. मृतदेह दोनशे किलोमीटर न्यायला खासगी गाडीवाला जे मागतो त्यासाठी माणसं चांदीचं कडं गहाण ठेवतात. हे मी एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्या खात्याचा अर्ज टाकला.

भिली-भिलाली बोलणाऱ्या ताईंची नेमणूक प्रकल्पातून करू नका. रुग्णालयाच्या कायम पदावर करा, दर्शनी जागेवर टेबल द्या. मनुष्यबळ विभाग पदवी मागेल. त्यांना विचारा की पदवीधरांपैकी कोणाला भिलाली येतं. आमच्या ताई दहावी पास आहेत, आणि राउंडच्या वेळी डॉक्टर थांबून त्यांच्याकडे बघतात.

ट्रस्टींना दागिने घातलेल्या बायकांचे फोटो हवे असतात. मी दर वेळी त्याऐवजी एक पान द्यायचे: दारापासून औषधापर्यंतची मिनिटं, लामाचं प्रमाण, दोनपर्यंतच्या खिडकीवर अकरानंतर बनलेल्या पर्च्या. तिसरा आकडा त्यांना आवडतो, कारण त्यातून ओपीडीचं उत्पन्नही दिसतं. आवडू दे.

हस्तांतरणाची फाइल निघायच्या सहा महिने आधी सुरू करा. समितीच्या नकारांची पत्रं, गुजरातच्या डॉक्टरांचे फोन, हाटवारांचा तक्ता, पट्ट्यांच्या रंगाचा कोड. आणि खिडकीच्या वेळेचा सहीचा आदेश. मी निवृत्त झाल्यावर चौथ्या महिन्यात नव्या प्रशासकांनी खिडकी पुन्हा अकराला बंद करायचं काढलं. माझ्या जागी आलेल्या मुलीनं आदेशाची झेरॉक्स टेबलावर ठेवली. त्यांनी मूळ प्रत मागितली. ती तिनं दिली नाही. कपाटाची किल्ली ताईंकडे आहे.